शुल्क माफ झाले, आता दरमहा निर्वाह भत्ता द्या : राज्य शासनास खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्र शिक्षण मंत्री,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
मा. वित्त मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : अकरावीपासून पदवीपर्यंत शिकणाऱ्या अल्प उत्पन्न कुटुंबांतील विद्यार्थ्यांना दरमहा निर्वाह भत्ता देण्याबाबत

महोदय,

जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. बारावी उत्तीर्ण तरुणाने एखाद्या कार्यालयात किंवा कारखान्यात सहा महिने प्रशिक्षण घेतल्यास त्याला दरमहा ६,००० रुपये विद्यावेतन मिळेल, आयटीआय किंवा पदविका झालेल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये मिळतील, असे त्या योजनेत ठरले. ज्याचे शिक्षण चालू आहे त्याला मात्र तिचा लाभ घेता येत नव्हता. आता हाच बारावी झालेला तरुण अनुसूचित जातीचा असेल, त्याच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल आणि तो मुंबईत स्वतःच्या घरी राहून बी.ए. किंवा बी.कॉम.ला जाऊ लागला, तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत त्याच्या निर्वाहासाठी वर्षाला ३,००० रुपयांची तरतूद आहे. महिन्याला २५० रुपये. तो खुल्या प्रवर्गातील गरीब कुटुंबातला असेल, तर त्याला शुल्कात सवलत मिळू शकते, पण घरी राहून शिकताना रोजच्या खर्चासाठी काहीही मिळत नाही.

पुस्तक मिटून कामाला लागणाऱ्या मुलाला सहा हजार आणि पुस्तक उघडे ठेवणाऱ्याला अडीचशे, हे अंतर कोणी ठरवून निर्माण केले असे मी म्हणत नाही. वेगवेगळ्या खात्यांनी वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या निर्णयांतून ते तयार झाले आहे. पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलापुढे आणि त्याच्या आईवडिलांपुढे हे दोन्ही आकडे एकाच वेळी उभे असतात आणि त्यांचा निर्णय त्यावरच होतो. हे पत्र तीन मंत्रिमहोदयांना उद्देशून लिहिण्याचे कारणही तेच आहे. अकरावी-बारावी एका खात्याकडे, पदवी दुसऱ्याकडे, शिष्यवृत्त्या सामाजिक न्याय, आदिवासी विकास आणि इतर मागास बहुजन कल्याण या खात्यांकडे आणि पैशाचा निर्णय वित्त खात्याकडे अशी वाटणी असल्यामुळे, शिकणाऱ्या मुलाचा महिना कसा सरतो याचा एकत्र विचार करणे हे कोणत्याच एका खात्याचे काम राहिलेले नाही.

मी मुंबईतील एका अनुदानित महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की अल्प उत्पन्न कुटुंबातील मुलामुलींना शिकत असताना सरकारने दरमहा, नियमितपणे, गुणांची अट न घालता आणि ते राहत्या शहरात शिकतात की बाहेरगावी हे न पाहता निर्वाह भत्ता द्यावा.

शुल्काच्या बाबतीत महाराष्ट्राने जे केले आहे त्याचे मला मोल आहे. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शंभर टक्के शुल्कमाफी देण्याचा जुलै २०२४ मधील निर्णय मोठा होता. माझ्या ओळखीतील काही पालकांनी त्यामुळेच मुलीला अभियांत्रिकीला घालण्याचे धाडस केले. पण अनुदानित महाविद्यालयात साधी पदवी घेणाऱ्या गरीब मुलासाठी शुल्क हा शिक्षणाचा सर्वांत मोठा खर्च कधीच नव्हता. त्याचा खरा खर्च म्हणजे वर्गात बसल्यामुळे बुडणारी मजुरी. मॉलमधील दुकानात, कुरिअरच्या गोदामात किंवा डिलिव्हरीच्या कामावर महिनाभर राबल्यावर घरात जे पैसे आले असते, ते त्याच्या शिकण्यामुळे येत नाहीत. कोणत्याही शुल्कमाफीत ही रक्कम मोजलेली नसते, घरी मात्र ती रोज मोजली जाते.

मुंबईतील बहुतेक शिक्षक हे चित्र ओळखतील. जून-जुलैमध्ये वर्ग भरलेला असतो. दिवाळीच्या तोंडावर दुकानांना जादा माणसे लागतात, मुले पंधरा-वीस दिवसांसाठी म्हणून कामाला जातात आणि दिवाळीची सुट्टी संपल्यावर त्यांतील काही परत येतच नाहीत, कारण मालकाने कायम राहा म्हटलेले असते आणि घराला त्या पगाराची सवय झालेली असते. मुलींच्या बाबतीत हे आणखी मुकाट्याने घडते. आई धुणीभांडी किंवा स्वयंपाकाची कामे करत असेल आणि आजारी पडली, तर कामे हातची जाऊ नयेत म्हणून मुलगी बदली जाते. आठवड्याची बदली महिन्याची होते आणि सत्राच्या अखेरीस तिचे नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये, म्हणजे हजेरी कमी असलेल्यांच्या यादीत, लागते. मुंबई विद्यापीठाचा ७५ टक्के हजेरीचा नियम योग्य आहे, त्याची अंमलबजावणी मीही करतो. परंतु ज्या मुलाने रात्रपाळी करून सकाळी साडेसातचे पहिले लेक्चर चुकवले, त्याला हमीपत्र लिहून आणायला सांगताना आपण त्याच्याकडून जे मागत आहोत ते त्याला देता यावे अशी परिस्थिती कोणी निर्माण केली आहे का, हा प्रश्न मला प्रत्येक सत्रात पडतो आणि त्याचे उत्तर प्राचार्यांच्या दालनात मिळण्यासारखे नाही.

शासनाकडे निर्वाहाच्या योजना नाहीत असे नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि इतर मागास व भटक्या-विमुक्त प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. मुंबईसारख्या शहरात भोजन, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला ६०,००० रुपये देण्याची त्यांत तरतूद आहे. ज्यांना वसतिगृहात जागा मिळाली नाही आणि जे बाहेरगावाहून आले आहेत, त्यांच्यासाठी या योजना आहेत आणि त्या हव्यातच. नांदेडहून किंवा नंदुरबारहून आलेल्या मुलाला मुंबईत कॉट बेसिसवर राहायलाही किती लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण स्वाधारमध्ये विद्यार्थी शिक्षणाच्या ठिकाणचा स्थानिक रहिवासी नसावा अशी अट आहे. त्यामुळे गोवंडी, धारावी, मालवणी किंवा विक्रोळी पार्कसाइट येथे जन्मलेला आणि तिथेच वाढलेला मुलगा या मदतीतून आपोआप वगळला जातो. तो घरी राहतो म्हणजे त्याला खर्च नाही, असे त्यामागचे गृहीतक आहे. वास्तवात दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांबरोबर राहणारा तो मुलगा घराकडून काही घेण्याऐवजी घराला काहीतरी देईल अशीच सर्वांची अपेक्षा असते. बाहेरगावच्या मुलाचा खर्च डोळ्यांना दिसतो. स्थानिक मुलाचा खर्च हा न मिळालेल्या पगाराच्या रूपात असल्यामुळे तो कोणत्याच अर्जात भरता येत नाही.

उत्पन्नाच्या मर्यादेचीही तीच गत आहे. वडील सोसायटीत वॉचमन असून त्यांना १५,००० रुपये पगार आहे आणि आई दोन-तीन घरची कामे करून ८,००० मिळवते, असे कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. त्यांचे वार्षिक उत्पन्न २,७६,००० रुपये होते आणि अडीच लाखांची मर्यादा असलेल्या शिष्यवृत्तीतून त्यांचे मूल बाहेर पडते. या शहरात एवढ्या उत्पन्नात घरभाडे देऊन राहणाऱ्या कुटुंबाला कोणीही सुस्थितीतले म्हणणार नाही.

ही मागणी महाराष्ट्राला नवी नाही. १८८२ साली ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी शिष्यवृत्त्यांविषयी जे सांगितले, ते आजच्या धोरणकर्त्यांनी पुन्हा वाचावे असे आहे. स्पर्धेने शिष्यवृत्त्या देण्याची पद्धत तत्त्वतः न्याय्य वाटली तरी तिच्यामुळे इतर वर्गांत शिक्षणाचा प्रसार होत नाही, म्हणून काही शिष्यवृत्त्या ज्या वर्गांत शिक्षणाची प्रगतीच झालेली नाही त्यांना मिळतील अशी रचना करावी, असे त्यांचे म्हणणे होते. डॉ. आंबेडकर परळच्या चाळीत राहून एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत असताना कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींच्या शब्दावरून सयाजीराव गायकवाड महाराजांनी त्यांना दरमहा २५ रुपये शिष्यवृत्ती दिली, आणि १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा बडोदा संस्थानाने तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंड दिले. ‘दरमहा’ या अटीचे महत्त्व आज आपण विसरलो आहोत. पोट महिन्याच्या हिशेबाने चालते आणि वर्ष सरता सरता, कधी पुढच्या वर्षी, खात्यात एकदम जमा होणाऱ्या रकमेने ते चालत नाही. ज्या मुलाने ऑगस्टमध्ये कॉलेज सोडले, त्याच्या नावावर मार्चमध्ये शिष्यवृत्ती मंजूर झाली तर कागदोपत्री खर्च पडतो आणि मूल मात्र गेलेले असते.

याउलट असे विचारले जाते की आधीच्या पिढ्या काम करून शिकल्याच ना? कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र दिला, गिरणगावातील कामगार रात्रशाळांत शिकले, मग आताच्या मुलांना भत्ता कशासाठी? हा आक्षेप मी मनापासून गंभीर मानतो, कारण तो घेणाऱ्यांपैकी अनेक जण स्वतः तसे शिकलेले असतात आणि त्यांच्या कष्टांना उणे लेखण्याचा अधिकार कोणालाच नाही. परंतु भाऊरावांच्या योजनेत काम हे शिक्षणसंस्थेच्या आवारात होते, राहण्या-जेवण्याची सोय तिथेच होती आणि कामाचे तास अभ्यासाला धरून ठरवले जात. गिरणीच्या कामगाराला पाळीची वेळ आधी ठाऊक असे. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, ते नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळच्या वर्गांची सोय ठेवूनच. या सर्व प्रयत्नांत शिक्षणसंस्थेने कामाशी जुळवून घेतले होते किंवा कामाला शिक्षणाच्या चौकटीत बसवले होते. आज मुंबईत विद्यार्थी ज्या प्रकारची कामे करतात त्यांत वेळ ॲप ठरवते किंवा सुपरवायझर ठरवतो, परीक्षेच्या दिवशी सुट्टी मागितली तर उद्यापासून येऊ नको असे ऐकावे लागते आणि पावसात मोटारसायकल घसरली तर दवाखान्याचा खर्चही ज्याचा त्याला करावा लागतो. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता श्रेयांक, प्रकल्प, अंतर्गत मूल्यमापन आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव या सर्वांसाठी विद्यार्थ्याने सत्रभर हजर राहावे अशी अपेक्षा आहे. हजेरी न लावता वर्षाच्या शेवटी गाइड वाचून परीक्षा देणारा विद्यार्थी आपल्याला नको असेल, तर त्याला हजर राहता येईल अशी व्यवस्था करणेही आपलेच काम ठरते.

इतरत्र काय झाले आहे तेही पाहण्यासारखे आहे. डेन्मार्कमध्ये उच्च शिक्षण घेणाऱ्या, घरापासून वेगळे राहणाऱ्या विद्यार्थ्याला सरकार महिन्याला सहा हजार क्रोनरहून अधिक अनुदान देते. तिथे ते जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याचा हक्क मानले जाते आणि सधन घरातील मुलांनाही मिळते. महाराष्ट्राने ते जसेच्या तसे उचलावे असे मला वाटत नाही, कारण आपल्याकडे पैसा मर्यादित आहे आणि तो आधी गरजवंताकडे गेला पाहिजे. मला अधिक उपयोगी वाटतात ती जवळची उदाहरणे. बांगलादेशने १९९४ पासून ग्रामीण भागातील माध्यमिक शाळांत शिकणाऱ्या मुलींना देशभर विद्यावेतन द्यायला सुरुवात केली. ७५ टक्के हजेरी, ठरावीक किमान गुण आणि लग्न न करणे या अटी होत्या आणि पैसे मुलीच्या नावाच्या बँक खात्यात जात. त्यानंतरच्या काळात तेथील माध्यमिक शाळांत मुलींची संख्या मुलांच्या बरोबरीला आली आणि पुढेही गेली. तमिळनाडूने सप्टेंबर २०२२ मध्ये पुदुमै पेण योजना आणली. सरकारी शाळेत सहावी ते बारावी शिकून महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीला तिच्यातून दरमहा १,००० रुपये मिळतात, आणि ऑगस्ट २०२४ पासून मुलांसाठीही तशीच योजना सुरू झाली. मुलीच्या लग्नासाठी सोने आणि रोख मदत देणारी जुनी योजना बदलून तिच्या जागी ही शिक्षणाची योजना आणली गेली, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते.

इंग्लंडचा अनुभव दोन्ही बाजूंनी शिकवणारा आहे. तिथे २००४ पासून सोळा ते अठरा वयोगटातील कमी उत्पन्न कुटुंबांतील विद्यार्थ्यांना उत्पन्नानुसार आठवड्याला १०, २० किंवा ३० पौंड दिले जात आणि त्या आठवड्याची हजेरी पूर्ण असेल तरच पैसे मिळत. आधी काही भागांत केलेल्या प्रयोगात सोळाव्या वर्षानंतर शिक्षणात टिकणाऱ्यांचे प्रमाण सुमारे साडेचार टक्क्यांच्या अंकांनी वाढल्याचे अभ्यासकांना आढळले. तरीही खर्चकपातीच्या काळात २०१०-११ मध्ये तेथील सरकारने ही योजना बंद केली. भत्ता घेणारे बहुसंख्य विद्यार्थी तो नसता तरी शिकलेच असते, असा युक्तिवाद त्या वेळी केला गेला. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांनी मात्र ती चालू ठेवली. हा युक्तिवाद आपल्याकडेही केला जाईल म्हणून त्याचे उत्तर देतो. जे शिकलेच असते, ते कसे शिकले असते हेही पाहावे लागते. पहाटे चार वाजता दादरच्या फूलबाजारात हमाली करून, वर्गात डोळे मिटत, एटीकेटी (मागे राहिलेले विषय) सोडवत पदवीपर्यंत पोहोचलेला मुलगा आणि झोप झालेला, ग्रंथालयात तासभर बसू शकणारा मुलगा यांची पदवी कागदावर सारखी असली तरी त्यांच्या हाती आलेले ज्ञान सारखे नसते.

सर्वांत वजनदार आक्षेप माझ्या सहकाऱ्यांकडून येतो. महाविद्यालयांत प्राध्यापकांची पदे रिक्त आहेत, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना वेळेवर मानधन मिळत नाही, मग आधी तो पैसा संस्थांना द्यावा असे ते म्हणतात. पदभरतीची मागणी मीही करतो आणि ती या भत्त्याच्या बदल्यात सोडायला मी तयार नाही. पण शिक्षक असलेला आणि विद्यार्थी नसलेला वर्गही रिकामाच असतो. पैसे घरातच खर्च होतील, मुलाच्या शिक्षणावर होणार नाहीत, या भीतीबद्दल एवढेच सांगावेसे वाटते की तीन हजारांतले दोन हजार किराणा आणि विजेच्या बिलात गेले आणि त्यामुळे मुलाला कामावर पाठवण्याची निकड कमी झाली, तर भत्त्याचा हेतू साध्य झालाच.

खोट्या प्रवेशांची भीती मात्र खरी आहे. मुंबईत कनिष्ठ महाविद्यालयांशी संधान बांधलेले इंटिग्रेटेड क्लास (प्रवेश महाविद्यालयात आणि शिकवणी खासगी क्लासमध्ये) आणि त्यातून होणारी नावापुरती हजेरी शासनाला ठाऊक आहे. २०१८ साली विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश त्यासाठीच काढावा लागला होता. म्हणून भत्ता हजेरीशी जोडावा, पण ती जोडणी माणुसकीची असावी. आजारपण, बाळंतपण, घरातील मृत्यू यांसाठी सूट असावी, एका महिन्याची हजेरी कमी पडली तर त्या महिन्यापुरता भत्ता थांबावा आणि पुढच्या महिन्यात तो पुन्हा सुरू व्हावा. परीक्षेतील गुणांची अट घालू नये. ज्याला अभ्यासाला वेळ मिळत नाही म्हणून भत्ता द्यायचा, त्याला गुण कमी पडले म्हणून तो नाकारणे म्हणजे योजनेने स्वतःचाच पाया काढून घेणे होय.

आता पैशाविषयी. बारावी झालेल्या प्रशिक्षणार्थीसाठी शासनाने स्वतःच दरमहा ६,००० रुपये हा दर ठरवला होता. मी त्याच्या निम्मे, म्हणजे ३,००० रुपये, वर्षातील दहा महिने मागत आहे. या रकमेने मुलाची सगळी कमाई भरून निघणार नाही, पण आठवड्यातील सहा पाळ्यांऐवजी दोन पाळ्या करून त्याचे भागू शकेल आणि त्या कोणत्या वेळी करायच्या हे त्याला ठरवता येईल. राज्यभरातील दहा लाख विद्यार्थ्यांना हा भत्ता दिला तर वर्षाला ३,००० कोटी रुपये लागतील. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेसाठी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६,००० कोटींची तरतूद होती. ही तुलना मी त्या योजनेच्या विरोधात करत नाही. माझ्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी आया त्या दीड हजारातून मुलांची पुस्तके घेतात आणि परीक्षा शुल्क भरतात. तिच्यापासून मला दोन गोष्टी दिसतात. दोन कोटींहून अधिक खात्यांत थेट रक्कम जमा करण्याची यंत्रणा या राज्याकडे आहे, आणि त्या खर्चाच्या बाराव्या भागात दहा लाख मुलांचे शिक्षण सावरता येते. त्या योजनेची वयोमर्यादा २१ पासून सुरू होत असल्यामुळे अठरा ते वीस वर्षांची शिकणारी मुलगी तिथेही बसत नाही, याकडेही आपले लक्ष वेधतो.

एकदम राज्यभर सुरुवात करणे कठीण असेल, तर येत्या शैक्षणिक वर्षात मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन जिल्हे आणि त्यांच्या जोडीला एक आदिवासीबहुल जिल्हा, समजा पालघर, येथून प्रारंभ करावा. मुंबई महानगरासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा किमान चार लाख ठेवावी. जातीच्या प्रवर्गांसाठी असलेल्या शिष्यवृत्त्या व स्वाधारसारख्या योजना जशाच्या तशा चालू राहाव्यात आणि हा भत्ता त्यांतून वजा केला जाऊ नये. अर्ज एकदाच, प्रवेशाच्या वेळी महाविद्यालयातच घेतला जावा. उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड आणि आधारजोडणीसाठी मुलाला तहसील कार्यालय, बँक आणि सेतू केंद्र यांच्या फेऱ्या माराव्या लागल्या, तर त्याची हजेरी त्यातच बुडेल. रक्कम विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खात्यात दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत जमा व्हावी आणि पहिला हप्ता प्रवेशानंतर तीस दिवसांच्या आत मिळावा. किती मुले दुसऱ्या सत्रात टिकली आणि किती पुढच्या वर्षाला गेली, याची महाविद्यालयनिहाय आकडेवारी शासनाने दरवर्षी जाहीर करावी, म्हणजे योजना चालू ठेवायची की सुधारायची याचा निर्णय पुराव्यावर घेता येईल.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३५ पर्यंत उच्च शिक्षणातील एकूण नोंदणीचे प्रमाण ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. देशपातळीवर २०२१-२२ मध्ये ते २८.४ टक्के होते. आज जी मुले बाहेर आहेत त्यांतील कितीतरी जणांना शिकण्याची इच्छा आहे, जागाही आहे आणि आता शुल्कही परवडते. अडते ते महिन्याच्या खर्चावर. येत्या अर्थसंकल्पीय अधिवेशनात या भत्त्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे आणि त्यापूर्वी तिन्ही खात्यांनी मुंबईतील रात्रमहाविद्यालयांचे व अनुदानित महाविद्यालयांचे शिक्षक, विद्यार्थी आणि पालक यांच्याशी एकत्र चर्चा करावी, अशी माझी विनंती आहे. त्या चर्चेसाठी आपण बोलवाल तेव्हा मी माझ्या विद्यार्थ्यांसह उपस्थित राहीन.

कळावे,

आपला नम्र,
मुंबईतील एका अनुदानित महाविद्यालयातील अर्थशास्त्राचा शिक्षक